रविवारचे चौकोन

दर रविवारी चहाचा कप घेऊन माझे सासरे जुन्या विंडोजवर डिफ्रॅग लावून बसायचे. डिस्क कुरकुरत विखुरलेल्या फायली रांगेत लावायची, पडद्यावरचे लाल चौकोन निळे व्हायचे, आणि बाबा खूश. मग तो खटारा बंद पडला आणि मी त्यांना माझा लिनक्सवाला लॅपटॉप दिला.

"यात डिफ्रॅग कुठंय गं?"

"यात लागतच नाही, बाबा."

त्या रविवारी त्यांचा चहा तसाच निवला. मला राहवेना. गुपचूप एक प्रोग्रॅम लिहिला: नुसते लाल चौकोन, हळूहळू निळे होणारे. "सापडलं डिफ्रॅग" म्हणून लावून दिला. बाबा तीन तास जागचे हलले नाहीत.

पुढच्या रविवारी सोसायटीतले चार आजोबा मॅच बघायला आल्यासारखे आमच्या सोफ्यावर.

"सूनबाई, आमच्या डिस्कलाही हे लावून द्या ना."

माझी वाट लागली. बाबांना स्वयंपाकघरात ओढलं.

"बाबा, ते खोटं आहे. नुसतं चित्र आहे, मी बनवलेलं."

"पहिल्याच दिवशी कळलं. डिस्क जरासुद्धा कुरकुरली नाही." त्यांनी पोह्यांच्या बशा उचलल्या. "पण सुनेनं माझ्यासाठी काय बनवलंय, ते मुलुंडभर दाखवायला नको?"