मागची सीट

अनंतरावांची जीव की प्राण असलेली जुनी मॉरिस मोटार मालिकेत दिसणार, म्हणून सोसायटीतली झाडून सगळी मंडळी त्यांच्याकडे टीव्हीपुढे जमली होती. कळा सुरू झालेल्या नायिकेला नायकानं उचलून मॉरिसच्या मागच्या सीटवर निजवलं, तसा अनंतरावांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"गाडी अशी अडीनडीला उपयोगी पडणारी हवी हो!" ते गहिवरून म्हणाले. "काय, सुनीती?"

चहाचे कप गोळा करणाऱ्या त्यांच्या बायकोला त्या रुमालाचीच शिसारी आली.



तिची लेक येरवड्याच्या पुलावर रिक्षात जन्मली होती. गाडीच्या सीटला डाग पडायला नकोत म्हणून सुनीतीला रिक्षात बसवून अनंतराव मागून हीच मॉरिस रिकामी चालवत आले होते.