गाडीतली खडखड

गोजराबाईच्या नवऱ्याची जुनी गाडी दिवाळीपासून इतकी खडखडायची, की वाटेवरच्या घरातली धाकटी जाऊ लांबूनच आवाज ओळखून धाडकन दार लावायची. हरभऱ्याचं बियाणं हिनंच पळवलं, असं गोजराबाई चारचौघांत बोलल्यापासून दोघींचा अबोला होता. दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन बाद ठरवलं, गाडी भंगारात निघाली, तेव्हा पौडचा म्हातारा मेकॅनिक बघायला आला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यानं चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, जागोजाग ऐकलं आणि एअर फिल्टरचा डबा उघडला. आतून हरभरे घरंगळले. "उंदरानं कोठार केलंय, वैनी. इंजिन ठणठणीत हाय." नवरा पोट धरून हसला. गोजराबाईनं दाणे पदरात भरले. "गाडी जावंकडं घ्या." गाडी आवाज न करता अंगणात शिरली. जाऊ उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. आज तिला दार लावायला वेळच मिळाला नाही.