विग्दिसच्या घरची शांतता

"बाळाच्या श्वासाकडे कान असतोच तुझा. बाळाच्या बापाकडेही ठेवत जा," आरोग्यकेंद्रातली नर्स म्हणाली होती.

इंगुननं ते हसण्यावारी नेलं होतं. "त्याच्याकडे वेगळा कान कशाला? खाली धक्क्यावरच्या बोटींनासुद्धा ऐकू येतो तो!"

आत्ताही रविवारचं जेवण उरकून तिचा नवरा तोर्स्टाइन तळघरात झोपला होता आणि फरशीखाली कुणी करवत चालवावी तसा आवाज येत होता. बाळ झाल्यापासून त्याचं अंथरूण खालीच. वर इंगुनच्या शेजारची उशी रिकामी. तो परत वर यावा म्हणून तिनं काय नाही केलं? संध्याकाळची बिअर बंद. डोक्याखाली जास्तीची उशी. झोपताना चमचाभर मध. फरक शून्य.

शेजारची विग्दिस मात्र रोज नवऱ्याच्या कुशीत झोपत होती.

ती समोरच बसली होती, वॉफलवर तपकिरी चीजचा काप ठेवत. खिडकीबाहेर, तिकडच्या रीतीप्रमाणे मोकळ्या थंड हवेत, दोघींची बाळं आपापल्या बाबागाडीत गुडूप झोपली होती.

"टेनिसचा चेंडू," विग्दिस म्हणाली. "बनियनच्या पाठीला शिवून टाकायचा. उताणं झालं की टोचतो. आमचा गाउते आता कुशीवरच झोपतो."

"आम्हीही शिवला. तोर्स्टाइन चेंडूसकट घोरला."

"मग शिवणच कच्ची असेल तुझी."

इंगुननं कॉफीचा घोट घेतला. कडू लागला.

"हल्ली गाउतेला इतकी झोप येते म्हणून सांगू!" विग्दिस पुढे म्हणाली. " परवा सूप पितापिता डुलकी काढली. आज तर जेवला नि सोफ्यावर आडवा झाला. एकदाच काय तो मोठ्ठ्यानं घोरला, मग चिडीचूप."

"असं कसं होईल?"

"खोटं वाटतंय ना? वाटलंच होतं मला." विग्दिसनं पिशवीतून बाळाचा आवाज ऐकायचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "याचं दुसरं टोक त्याच्या उशाशी ठेवून आलेय. ऐक."

आवाज आला की त्याचा हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला नाही.

"बंद असेल."

"बंद? अगं, बाळाचा श्वाससुद्धा ऐकू येतो यातून!"

इंगुनला एकच घोरणं हवं होतं. एकच, बारीकसं. विग्दिसचं हसू उतरवण्यापुरतं. तिनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

गाउतेच्या सोफ्यामागच्या भिंतीवरचं घड्याळ खणखणीत ऐकू आलं. टिक. टिक. टिक.

दोघी कान देऊन ऐकत राहिल्या. विग्दिसचा वॉफल धरलेला हात तोंडापर्यंत गेला नाही.

फक्त घड्याळ.

फरशीखाली तोर्स्टाइन घोरत होता.

तुमच्याही घरात आज कुणाचं घोरणं अचानक थांबलं असेल, तर हे वाचणं राहू द्या. आधी जाऊन बघून या.