उत्तरेकडचं सगळं

सृष्टी नोकरीसाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेली. भिंतीवरच्या नकाशात तो मुलूख केवढा अवाढव्य दिसायचा! माझा जीव दडपायचा.

"अगं, पृथ्वी गोल आणि कागद सपाट," भूगोल शिकवणारे आमचे हे हसायचे. "म्हणून उत्तरेकडचं सगळं नकाशात आडवं ताणलं जातं. खरं तसं काही नसतं."

आज दुपारी ती द्वारका चौकात बसमधून उतरून रिक्षानं घरी आली. गेली होती तश्शीच, तेवढीच. मी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हुश्श केलं.

"आई!" तिनं हात पसरले आणि मला घट्ट मिठी मारली.

हे माझ्या मागे, पार स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मला न सोडताच, उंबऱ्यातूनच तिनं तिथवर हात लांबवून त्यांचे डोळे पुसले.