त्रेचाळीस छपरं

ईशबेलने कुळाच्या इतिहासाचं नवं पुस्तक काउंटरवर असं आदळलं, की कुळचिन्ह छापलेले तीन कप कडेला सरकले.

"माझं पान कुठंय?"

सर लुडोविक मॅकॅल्रिक मफलरांच्या घड्या नीट करत होते. ते मॅकॅल्रिक कुळाचे प्रमुख, या किल्ल्याचे मालक आणि किल्ल्यातल्या भेटवस्तूंच्या दुकानाचेही मालक. "कुठलं पान गं?"

"सर, वेड पांघरू नका. ग्लेन आरिकच्या दरीतल्या त्रेचाळीस घरांची नावं दिली होती मी. चर्चच्या दप्तरातून एकेक नाव हुडकण्यात अकरा हिवाळे गेले माझे. आणि त्या जागी तुम्ही हे छापलंत?" तिने पान उघडून मोठ्याने वाचलं. "'अनेक कुटुंबं नव्या संधींच्या शोधात कॅनडाला गेली.' संधी! डोक्यावरचं छप्पर पेटवलं की माणूस संधीच शोधणार, नाही का?"

दोनशे वर्षांपूर्वी सर लुडोविकच्या एका पूर्वजाने मेंढ्या पोसायच्या म्हणून माणसं हाकलली. स्वतःच्याच कुळाची, स्वतःचंच नाव लावणारी माणसं. आता त्यांचे वंशज समुद्र ओलांडून कौतुकाने येतात आणि ज्याने हाकललं त्याच्याच चिन्हाचा बिल्ला छातीवर लावून परत जातात. ईशबेल वीस वर्षं ते बिल्ले विकत होती आणि वीस वर्षं आतल्या आत जळत होती.

"लोक हौसेने येतात, ईशबेल," सर म्हणाले. "बिस्किटांचा डबा घेतात, फोटो काढतात. त्यांच्या हातात सुतक कशाला द्यायचं?"

"मग मीच वाचते. आज बारा वाजता, कुळाच्या मेळाव्यात, माइकवर. तुमच्या भाषणाच्या आधी. आणि उद्यापासून दुकानाला दुसरी बाई बघा."

"वाच बाई, वाच! सगळ्यांना ऐकू दे एकदा!"

दोघांनी वळून पाहिलं. बिल्ल्यांच्या पेटीजवळ ऐंशीच्या घरातली एक बाई काठी टेकून उभी होती. निवडलेला बिल्ला तिने परत पेटीत टाकला. "मी रोडा. कॅनडाहून आलेय, केप ब्रेटनहून. माझे लोक ग्लेन आरिकचेच."

ईशबेल लगबगीने पुढे आली आणि तिने म्हातारीचा हात हातात घेतला. "कुणाच्या तुम्ही?"

इथे हेच विचारतात. रोडाने काठी बाजूला ठेवली, पाठ ताठ केली आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं. "रोडा अँगसची. अँगस रोरीचा. रोरी फिनलेचा. फिनले नीलचा. नील मेरीचा. त्या मेरीला तापात अंथरुणासकट उचलून गवतावर ठेवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत घर पेटवलं." ती थांबली. "यापुढे एक शाप आहे. तो आम्ही चारचौघांत म्हणत नाही."

"मेरी! माझ्या यादीतलं सतरावं घर!" ईशबेलचे डोळे भरून आले.

समोरच्याने आपल्या पिढ्या सांगितल्या की आपणही सांगायच्या असतात. ईशबेलने मान वर केली. "ईशबेल मर्डोची. मर्डो हेक्टरचा. हेक्टर टॉर्मडचा. टॉर्मड कॅलमचा. कॅलम तांबड्या यूअनचा. आणि सांगते बाई, अख्खी दरी ओस पडली, पण आमचं ओढ्याकाठचं घर अजून तसंच उभं आहे. आमची माणसं हट्टी. ती हललीच नाहीत."

रोडाने हात काढून घेतला.

"कॅलम कुणाचा म्हणालीस?"

"तांबड्या यूअनचा."

"त्रेचाळीस घरं गेली," रोडा म्हणाली. "तुमचंच कसं राहिलं, याचं तुला कधी नवल नाही वाटलं, पोरी?"

ईशबेलने खिशातली यादी चाचपली.

"तो शाप त्याच्याच नावाचा आहे." म्हातारीने काठी उचलून जमिनीवर आपटली. "मालकाचा कारभारी तर घोड्यावरून खाली उतरलासुद्धा नाही. मशाल यूअनच्या हातात होती. मेरीचा सख्खा शेजारी तो, तिच्या चुलीवरचं खाल्लेला. चार वर्षांच्या नीलने सगळं पाहिलं. एकेक करत सगळी छपरं पेटवली मेल्याने, फक्त स्वतःचं ठेवलं."

खोटं आहे, असं ओरडावंसं ईशबेलला वाटलं. पण घर तर उभं होतं. सकाळी त्याच घराला कुलूप लावून ती आली होती.

सर लुडोविकनी सुटकेचा श्वास टाकला. तिच्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "बघ, म्हणून म्हणतो, जुनं उकरू नये. पुस्तक आहे तसं राहू दे. तुझ्याही सोयीचं, माझ्याही." वीस वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्याशी आपल्या माणसाशी बोलावं तसं बोलले होते.

ईशबेलने तो हात झटकला. सरांचा नव्हे, स्वतःचाच तिला असा संताप आला होता की कानशिलं तापली. तिने खिशातून यादी काढली आणि ती बाहेर पडली. मागून काठीचा आवाज येत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही, वळायची लाज वाटत होती.

मैदानावर तीनशे माणसं होती. बॅगपाइप थांबले. व्यासपीठावर चढून तिने माइक खाली ओढला. यादीचा कागद हातात फडफडत होता. पहिलं नाव वाचण्याआधी तिने रोडाला गर्दीत शोधलं आणि तिच्याकडे बघतच बोलायला सुरुवात केली.

"मी ईशबेल. मर्डोची, हेक्टरची, टॉर्मडची, कॅलमची. आणि तुमची घरं पेटवणाऱ्या तांबड्या यूअनची. आता कुणाकुणाची पेटवली, ते माझ्या तोंडून ऐका."