रुमालाखालचा खुळखुळा

डॉक्टर रेग्यांनी खुळखुळ्यावर रुमाल टाकला. दहा महिन्यांची जुई नुसती रुमालाकडे बघत बसली.

"लपवलेलं शोधत नाही. या वयात शोधायला हवं," ते म्हणाले.

तिची आई, शाल्मली, उसळलीच. "अहो, घरी खेळणं पडलं की ते आपलं आपण पाळण्यात परत येतं! आता सगळ्यांकडे तसलीच आपोआप परतणारी यंत्रखेळणी असतात. खुळखुळा परत यायची जुई वाट बघतेय."

डॉक्टर थबकले. "म्हणजे मी बाळाची नाही, खेळण्याची परीक्षा घेतोय. तुम्हीच लपा बघू."

शाल्मलीने तोंडावर ओढणी घेतली. लगेच चिमुकल्या मुठीने ती खसकन ओढली आणि जुई खिदळली.

शाल्मलीही डोळे पुसत हसली. आई आपोआप परत येत नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.