मुक्याचं सोंग

कौंडण्यपूरच्या जत्रेत श्रावणचं मुक्या बापाचं सोंग पाहायला माणसावर माणूस पडे. तो चिंध्यांचं लेकरू खांद्यावर घेई, कनातीमागून त्याची बायको पंचफुला बाळाचं रडं काढी, आणि ते थांबवायला हा मुका बाप कोलांट्या मारी.

आज कनातीमागे पंचफुलाच्या मांडीवर तिची खरी लेक सकाळपासून तापाने निपचित पडली होती. "रडली की वाचली समज," एवढं बोलून वैद्यबुवा निघून गेले होते.

खेळ उभा राहिला, पण रडं येईना. श्रावणने चिंध्या हलवल्या, कान लावून पाहिला, मग कनातीकडे डोळे वटारले. लोक हसून लोळायला लागले.

"वैनी, आवाज काढा नं! सोंग पडून राहिलं!" ढोलकीवाला नत्थुजी कुजबुजला.

"नाई निंघत, भाऊजी." पंचफुलाने लेकीच्या तापल्या कपाळावर हात ठेवला.

तेवढ्यात बारीक, किरटं रडं उमटलं. नत्थुजीने खुशीत कोलांटीची थाप दिली, पण श्रावण जागचा हलेना. बायकोचं रडं त्याच्या कानातलं होतं; हे तिचं नव्हतं.

भर जत्रेत मुका गुडघ्यांवर बसला आणि ओरडला, "रड माय, रड! थांबू नोको!"